एक वाटी, दोन मुले: सॉस आणि डिप लहानग्यांना देण्याविषयीचे एक प्रकरण

परिस्थिती

नऊ महिन्यांची मुलगी आणि तिचा अडीच वर्षांचा भाऊ यांच्या पालकांनी आहारसल्ल्यासाठी आणलेला प्रश्न सुरुवातीला एका वाटीपुरता होता. संध्याकाळच्या जेवणात मोठ्यांसाठी केलेले डिप दोन्ही मुलांसमोर ठेवले गेले. दही, तिळाची पेस्ट, लिंबाचा रस, वाटलेला लसूण आणि मीठ एवढेच त्यात होते. मुलीने उकडलेल्या बटाट्याच्या मऊ फोडीला लावून ते दोन-तीनदा चाखले आणि काही मिनिटांतच तिची हनुवटी आणि ओठांभोवतीची त्वचा लाल झाली. ही लाली अर्ध्या-पाऊण तासात ओसरली. उलटी झाली नाही, ओठ किंवा डोळे सुजले नाहीत, खोकला किंवा श्वासाची घरघर नव्हती आणि बाळ नेहमीसारखे खेळत राहिले.

पालकांनी मात्र त्याच रात्री तिळाबरोबर दही, शेंगदाणा, टोमॅटो, लसूण आणि सगळे मसाले बंद करून टाकले. सल्ल्यासाठी येईपर्यंत तीन आठवडे ती मुलगी धान्याची पातळ पेज आणि बिनचवीच्या उकडलेल्या भाज्या यांवरच होती. तिला काही महिन्यांपासून मध्यम स्वरूपाचे इसब होते, त्यामुळे ‘हिला अ‍ॅलर्जी असणारच’ ही भीती घरात आधीपासून होती. दुसऱ्या बाजूला भाऊ केचपशिवाय कोणत्याही घासाला तोंड लावत नव्हता.

“तिला चवीचे कधीपासून द्यायचे आणि त्याचे केचप कसे सोडवायचे, एवढेच आम्हाला सांगा,” असे आई म्हणाली. तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रश्न होते. आम्ही ते एकत्र हाताळले, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज होता. सॉस किंवा डिप हा एक पदार्थ आहे असे समजून घरात त्याला ‘द्यायचा’ किंवा ‘द्यायचा नाही’ असे ठरवले जात होते. प्रत्यक्षात तो पाच-सहा घटकांचा समूह असतो आणि त्यातील प्रत्येक घटकाचे वय, प्रमाण व धोका वेगळा असतो.

चव हा धोका नव्हे

सर्वप्रथम पालकांच्या मनातून एक गोष्ट काढावी लागली, ती म्हणजे बाळाचे अन्न अळणी आणि बेचव असणे हेच सुरक्षित असते ही समजूत. मीठ टाळणे आणि चव टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळाची चवींशी ओळख पहिल्या घासाच्या कितीतरी आधी झालेली असते, कारण आईने खाल्लेल्या अन्नाचे स्वाद गर्भजलात आणि पुढे अंगावरच्या दुधात उतरतात. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मातांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, तर काहींनी स्तनपानाच्या काळात नियमित गाजराचा रस घेतला होता. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या स्वादाची पेज दिली, तेव्हा साध्या पेजेच्या तुलनेत त्यांनी नापसंतीचे हावभाव कमी दाखवले.

जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांपासून वरचा आहार सुरू करण्यास सांगते. तेव्हापासून भावाचा केचपप्रेमी काळ सुरू होईपर्यंतचा अवधी हा चवी शिकवण्याचा सर्वांत सोपा अवधी असतो. साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी अन्नाविषयीचा नकार बळावतो. म्हणूनच लसूण, जिरे, दालचिनी, पुदिना, कोथिंबीर यांसारखे स्वाद अगदी थोड्या प्रमाणात सहा महिन्यांनंतर देण्यास हरकत नाही. नऊ महिन्यांच्या मुलीला तीन आठवडे बेचव अन्नावर ठेवण्यात सुरक्षितता फारशी मिळाली नव्हती, संधी मात्र गेली होती.

मसाल्यांबाबत पालकांना एकच इशारा दिला आणि तो चवीविषयी नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेत दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या लगद्याच्या पाकिटांमुळे शेकडो मुलांच्या रक्तात शिसे आढळले होते, आणि त्याचे मूळ भेसळयुक्त दालचिनीत निघाले. सुट्या, रंगाने अवाजवी भडक आणि मूळ न कळणाऱ्या मसाल्यांपेक्षा तपासणी होत असलेला मसाला घेणे हे बाळाच्या बाबतीत चोखंदळपणाचे लक्षण नाही, ती गरजच आहे.

तिखटाचा प्रकार मात्र निराळा. मिरचीतील कॅप्सेसिन हे चवीच्या कळ्यांना नव्हे, तर उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते, म्हणजे बाळाला तिखटाची चव लागत नाही, आग होते. ती पाण्याने विझत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. दूध किंवा दही त्यावर चांगले लागू पडते. तिखट बोटे बाळ डोळ्यांना लावते, हाही व्यावहारिक त्रास आहे. या कुटुंबाला आम्ही मुलगी वर्षाची होईपर्यंत मिरची बाजूला ठेवण्यास सांगितले. हा कठोर नियम नाही, आमचा कल आहे.

लाली कशाची होती

पालकांनी डिपचे घटक लिहून आणले तेव्हा संशयाची सुई सरळ तिळावर होती, आणि तसे वाटणे चुकीचे म्हणता येणार नाही. तीळ हा महत्त्वाच्या अ‍ॅलर्जीकारक अन्नांपैकी एक आहे. युरोपीय संघात त्याचा उल्लेख वेष्टनावर बंधनकारक आहे आणि अमेरिकेत २०२१ च्या कायद्याने तो नववा प्रमुख अ‍ॅलर्जीकारक घटक ठरून १ जानेवारी २०२३ पासून त्याचीही नोंद सक्तीची झाली. मुलीने तीळ आधी कधीच खाल्ला नव्हता. दही ती दोन महिने खात होती आणि लसणाचा स्वादही तिला नवा नव्हता. लिंबाचा रस मात्र नवा होता.

अशा वेळी लाली कुठे, कशी आणि किती वेळ होती, या तीन गोष्टींतून बरेच काही कळते. आंबट पदार्थ, म्हणजे लिंबू, टोमॅटो, संत्रे, हे नाजूक त्वचेला नुसत्या स्पर्शाने चुरचुरतात. त्यातून आलेली लाली जिथे पदार्थ लागला तेवढ्याच जागी असते, सपाट असते आणि पुसल्यावर लवकर ओसरते. अ‍ॅलर्जीच्या गांधी मात्र उंचवट्याच्या व खाजऱ्या असतात, जिथे अन्न लागलेच नाही अशा पोटावर किंवा पाठीवरही उठतात, आणि त्यांच्यासोबत ओठ-पापण्यांची सूज, उलट्या, खोकला असे इतरही काही येऊ शकते. या मुलीच्या बाबतीत वर्णन पहिल्या प्रकाराशी जुळत होते. तरीही फक्त वर्णनावर विसंबून तीळ घरी पुन्हा देण्यास आम्ही सांगितले नाही, कारण इसब असलेल्या त्वचेवर लाली वाचणे अवघड असते आणि प्रतिक्रियेचा संशय एकदा नोंदवला गेला की पुढचा निर्णय डॉक्टरांचा असतो. मुलीला बालरोगतज्ज्ञांमार्फत अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवले.

मिश्रणातूनच पहिली ओळख होण्याचा तोटा इथे स्पष्ट दिसतो. वाटीत दोन नवे घटक एकाच वेळी होते, म्हणून एका साध्या लालीने पाच पदार्थ आरोपी ठरले. जो घटक महत्त्वाच्या अ‍ॅलर्जीकारकांपैकी आहे, तो प्रथम एकटा किंवा आधी पचलेल्या एखाद्या पदार्थात मिसळून द्यावा आणि ओळख झाल्यावरच तो मिश्र डिपमध्ये यावा. भोपळा, गाजर, पुदिना यांसारख्या घटकांसाठी मात्र प्रत्येकी अनेक दिवस थांबण्यात फारसे हशील नाही, कारण त्यामुळे आहारातील विविधता विनाकारण लांबते.

वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्याची सवयही याच कारणासाठी लावून घ्यावी लागते. नावावरून सॉसमधील सगळे घटक कळत नाहीत. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहू असतो, वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, पेस्टोमध्ये सुकामेवा आणि चीज असते, आणि हमसमध्ये चण्याबरोबर तिळाची पेस्ट असते.

तीन आठवड्यांच्या बंदीचा हिशेब

या प्रकरणातील सर्वांत काळजीची गोष्ट माझ्या मते हनुवटीची लाली नव्हती, शेंगदाणा बंद झाला ही होती. मुलीला सहा महिन्यांची असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने पातळ केलेले शेंगदाण्याचे लोणी सुरू केले होते आणि ती ते आठवड्यातून दोन-तीनदा विनातक्रार खात होती. डिपमध्ये शेंगदाणा नव्हताच. केवळ ‘अ‍ॅलर्जीवाले पदार्थ’ या एका मोठ्या पिशवीत तोही गेला.

या विषयावरील सल्ला गेल्या पंचवीस वर्षांत पूर्णपणे उलटला आहे, म्हणून घरातील मोठ्यांचे ऐकावे की डॉक्टरांचे, असा गोंधळ स्वाभाविक आहे. अमेरिकी बालरोग अकादमीने २००० मध्ये जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सुचवले होते. पुराव्याअभावी २००८ मध्ये ती भूमिका मागे घेण्यात आली. त्यानंतर लंडनमधील गिडियन लॅक यांच्या गटाने २०१५ मध्ये ‘लीप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही असलेली ६४० बाळे त्यात होती आणि चार ते अकरा महिने वयादरम्यान त्यांना दोन गटांत विभागले होते. शेंगदाणा टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, तर नियमित खाणाऱ्या गटात हे प्रमाण ३.२ टक्के होते. खाणाऱ्या गटाला आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा मिळून किमान ६ ग्रॅम शेंगदाणा प्रथिने दिली जात होती, म्हणजे लाभ एकदा चाखण्यात नव्हता, सातत्यात होता.

यामागची कारणमीमांसा या कुटुंबाला सांगणे विशेष गरजेचे होते. इसबामुळे भेगाळलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शरीराला भेटले तर रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना परके समजण्याची शक्यता वाढते, आणि तेच अन्न आतड्यांतून भेटले तर ते आपले मानण्याकडे तिचा कल असतो. ज्या घरात भाऊ आणि मोठी माणसे तीळ, शेंगदाणा, अंडे रोज खातात, तिथे बाळाच्या ताटातून ते काढले तरी त्याच्या त्वचेवरून ते काढता येत नाहीत. त्यामुळे शेंगदाणा डॉक्टरांशी बोलून लगेच परत सुरू केला, आणि बाळाला मलम लावण्याआधी हात साबणाने धुण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्यावी असे सांगितले.

संशय एकावर, निदान दुसऱ्याचे

अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी त्वचेवर टोचून करायची चाचणी घेतली तेव्हा तीळ निर्दोष ठरला. अंड्याची चाचणी मात्र स्पष्टपणे सकारात्मक आली. मुलीने अंडे कधीच खाल्ले नव्हते. ‘अंडे जड असते, वर्षाची झाल्यावर देऊ’ असे घरात ठरले होते. अशी चाचणी सकारात्मक येणे म्हणजे अ‍ॅलर्जी सिद्ध होणे नव्हे. ती फक्त शरीर संवेदनशील झाल्याचे सांगते. म्हणून डॉक्टरांनी रुग्णालयात देखरेखीखाली अगदी लहान मात्रांपासून अंडे देऊन पाहिले. दुसऱ्या मात्रेनंतर मुलीच्या गालांवर आणि पोटावर गांधी उठल्या, उपचाराने त्या बसल्या आणि निदान निश्चित झाले.

या निदानाने सॉसच्या यादीत मोठा बदल झाला. मेयोनेझ आणि त्यावर आधारित सगळी डिप, तसेच अंडे घातलेली काही तयार ड्रेसिंग मुलीसाठी बंद झाली. वडिलांनी विचारले, “पण आमची बाटली तर पाश्चराइज्ड अंड्याची आहे, ती चालेल ना?” हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे. पाश्चरीकरणाने साल्मोनेला या जंतूचा धोका कमी होतो, अंड्यातील अ‍ॅलर्जीकारक प्रथिने मात्र तशीच राहतात. उलट अंडे न भाजता, न शिजवता वापरले जात असल्याने मेयोनेझसारख्या पदार्थांत ती अधिक प्रभावी असतात. केकसारख्या पदार्थांत बराच वेळ भाजलेले अंडे मात्र अशा बहुतांश मुलांना चालते, पण ते घरी करून पाहायचे नसते, डॉक्टरांच्या योजनेनुसार पाहायचे असते. ज्या मुलांना अंड्याची अ‍ॅलर्जी नाही त्यांच्याही बाबतीत घरी कच्च्या अंड्याचे मेयोनेझ साल्मोनेलामुळे टाळणेच योग्य.

डॉक्टरांनी कुटुंबाला लेखी आपत्कालीन योजना दिली. तोंडाभोवती किंवा अंगावर थोड्या गांधी उठल्या तर काय करायचे, हे त्यात वेगळे होते. श्वासाला त्रास, सततचा खोकला, आवाज बसणे, जीभ सुजणे, बाळ एकाएकी मलूल किंवा फिकट पडणे यांपैकी काहीही दिसल्यास काय करायचे, हे वेगळे होते. दुसऱ्या परिस्थितीत पहिला उपचार मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन आणि तातडीची वैद्यकीय मदत हाच असतो. अ‍ॅलर्जीचे साधे औषध पाजून वाट पाहण्यात वेळ जातो. आणखी एका प्रकाराविषयी पालकांना जाणीवपूर्वक सांगितले, कारण तो सहज चुकीचा वाचला जातो. काही बाळांना एखादे अन्न खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी वारंवार उलट्या होऊन ती गळून जातात आणि अंगावर गांधी मुळीच येत नाहीत. तेव्हा ‘पोट बिघडले’ असे न समजता डॉक्टरांना गाठावे.

तीळ घरी कसा सुरू केला

चाचणीनंतर तीळ घरी देण्याची परवानगी मिळाली. बाळाची तब्येत ठीक असताना, दिवसा, आणि मोठे माणूस पुढचे दोन तास जवळ असेल अशा वेळी पाव छोटा चमचा तिळाची पेस्ट नेहमीच्या साध्या दह्यात कालवली. चमच्याच्या टोकावर एक चाटण देऊन दहा मिनिटे थांबले आणि काही झाले नाही तेव्हा उरलेले नेहमीच्या वेगाने भरवले. त्या दिवशी आणि नंतरही काही झाले नाही. पुढे एका दिवशी तीळ न घालता उकडलेल्या बटाट्यात लिंबू पिळून दिले, तेव्हा हनुवटी पुन्हा त्याच जागी, तशीच सपाट लाल झाली आणि तिळावरचा आरोप पुरता मिटला. लिंबू बंद करण्याची गरज नव्हती. जेवणाआधी तोंडाभोवती साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावणे आणि नंतर सुगंधी पुसणी न वापरता साध्या पाण्याने पुसणे एवढ्याने काम भागले.

घट्टपणा आणि सोबतचा तुकडा

सॉसच्या सुरक्षिततेचा विचार करताना लोक घटकांपाशी थांबतात आणि पोताकडे दुर्लक्ष करतात. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे घट्ट लोणी चमचाभर तोंडात गेले तर ते टाळूला आणि घशाला चिकटते, बाळाला ते ना गिळता येते ना थुंकता येते. दोन छोटे चमचे शेंगदाण्याच्या लोण्यात दोन-तीन छोटे चमचे गरम पाणी घालून ते ढवळावे आणि कोमट झाल्यावर द्यावे. चमच्यावरून सहज ओघळेल इतके ते पातळ हवे. घट्ट लोणी द्यायचेच तर मऊ पदार्थावर अगदी पातळ थरात पसरून द्यावे. दाणे किंवा सुकामेव्याचे तुकडे राहिलेले भरड मिश्रण या वयात नको.

डिपमध्ये काय बुडवायचे, हा प्रश्न डिपइतकाच महत्त्वाचा आहे. या घरात भावासाठी कच्च्या गाजराच्या काड्या ठेवल्या जात आणि मुलगी त्या पळवत असे. कच्चे गाजर, सफरचंदाच्या कडक फोडी, सेलरीच्या काड्या हे चार वर्षांपर्यंत घशात अडकण्याच्या धोक्याचे पदार्थ आहेत. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सहज चिरडेल इतकी भाजी वाफवावी, ही कसोटी दोन्ही मुलांना लागू केली. घशात अन्न अडकणे आणि नुसता उमासा येणे यांतला फरकही आईला दाखवला. उमाशात बाळ खोकते, आवाज करते, चेहरा लाल होतो आणि ते स्वतःच घास पुढे ढकलते. अडकलेल्या घासाने मात्र आवाजच बंद होतो, आणि धोका त्या शांततेत असतो. बाळ सरळ बसलेले असावे, मोठे माणूस समोर असावे आणि चालत्या गाडीत किंवा खेळता खेळता डिप-तुकडे देऊ नयेत.

मधाची वाटी

चौकशीत एक गोष्ट ओघात बाहेर आली. भावाला आवडते म्हणून टेबलावर मध घातलेला मोहरीचा सॉस नेहमी असे आणि मुलगी भावाच्या बोटांवरचा सॉस कधीमधी चाटत असे. पालकांना हे निरुपद्रवी वाटत होते, म्हणून त्यांनी ते आपणहून सांगितलेही नव्हते.

वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, अगदी सॉसमध्ये मिसळलेला किंवा शिजवलेलाही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यांतील जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत, पण बाळाच्या अपरिपक्व आतड्यांत ते रुजून विष तयार करू शकतात. हा आजार स्वतंत्रपणे १९७६ मध्ये ओळखला गेला. घरातल्या उकळण्याने हे बीजाणू मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे ‘आम्ही सॉस शिजवतो’ हा बचाव चालत नाही. लक्षणे काही दिवसांपासून काही आठवड्यांनंतरपर्यंत दिसू शकतात. बद्धकोष्ठ, क्षीण झालेले रडणे, दूध ओढण्याची शक्ती कमी होणे, पापण्या खाली पडणे आणि अंग सैल पडणे अशी ती असतात. मुलीत यांपैकी काहीही नव्हते. पालकांना या खुणा लिहून दिल्या आणि तो सॉस मुलीच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत टेबलावरून उचलायला सांगितला. भावाला तो वेगळ्या वेळी देता आला असता, पण वर्षाखालील बाळ असलेल्या घरात बोटे आणि वाट्या वेगळ्या ठेवण्याचा निर्धार दोन दिवसांत ढासळतो, हे पाहिलेले असल्यामुळे आम्ही सोपा मार्ग सुचवला.

भावाचे केचप

भावाच्या आहारातला केचपचा वाटा मोजला तेव्हा तो दिवसाला सुमारे पाच मोठे चमचे निघाला. एका मोठ्या चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर आणि १५० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम धरले, तर २० ग्रॅम साखर आणि ७५० मिलिग्रॅम सोडियम केवळ या एका बाटलीतून जात होते. ब्रिटनमधील सल्ल्यानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून २ ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे ८०० मिलिग्रॅम सोडियम, याहून अधिक नको आणि वर्षाखालील बाळाला १ ग्रॅमपेक्षाही कमी हवे. म्हणजे बाकीच्या जेवणात मिठाला जागाच उरली नव्हती. तुलनेसाठी पालकांना सोया सॉसचा आकडा सांगितला. एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. तो आकडा ऐकल्यावर त्यांनी ती बाटली लगेच मोठ्यांच्या कपाटात हलवली.

तरीही केचप एकदम बंद करण्यास आम्ही नकार दिला. अडीच वर्षांचे मूल नव्या अन्नाला नाही म्हणण्याच्या भरात असते आणि ओळखीचा सॉस त्याच्यासाठी अनोळखी भाजीकडे जाण्याचा पूल ठरू शकतो. बालवाडीच्या वयातील मुलांवरील २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कडू चवीला अधिक संवेदनशील असलेल्या मुलांनी डिपसोबत ब्रोकोली साध्या ब्रोकोलीपेक्षा जास्त खाल्ली, आणि कमी स्निग्ध डिपनेही तोच परिणाम साधला. म्हणजे डिप असणे महत्त्वाचे आहे, ते गोड किंवा खारट असणे नव्हे.

त्यानुसार बाटली टेबलावरून गेली आणि तिच्या जागी एका छोट्या वाटीत ठरावीक केचप आले. वाटी संपली की पुन्हा भरायची नाही, पण ती किती वेगाने संपवायची हे त्याने ठरवायचे. टोमॅटो शिजवून, आटवून, भाजलेल्या लसणाची चव दिलेला बिनमिठाचा, बिनसाखरेचा सॉस त्या केचपमध्ये थोडा थोडा वाढवत नेला. शेजारी दुसऱ्या वाटीत दही आणि पुदिन्याचे डिप असे, खाण्याचा आग्रह न करता. नव्या चवीची आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा ओळख व्हावी लागते आणि त्यातली पहिली काही वेळा मूल ते नुसते हुंगते किंवा बोट बुडवून पुसून टाकते, हे आधीच सांगितल्यामुळे आईने पहिल्याच नकाराला हार मानली नाही.

निकाल सरसकट यशाचा नाही. केचप दीड ते दोन चमच्यांवर आले आणि दह्याचे डिप वाफवलेल्या गाजराबरोबर त्याने स्वीकारले. चण्याचे डिप त्याने शेवटपर्यंत नाकारले आणि हिरव्या रंगाचे कोणतेही डिप वाटीतून बाहेर फेकले. मेयोनेझवाली डिप बहिणीमुळे घरातून गेली, पण त्याची अंडी आम्ही बंद केली नाहीत. अंडे खाल्ल्यावर हात-तोंड धुणे आणि एकमेकांच्या वाटीत बोट न घालणे एवढ्यावर भागवले.

वाटी भरतानाची शिस्त

स्वयंपाकात करायचा बदल लहान होता. मीठ, सोया सॉस किंवा मिरची घालण्याआधी मुलांचा वाटा वेगळा काढायचा आणि बाकी मिश्रण मोठ्यांच्या चवीप्रमाणे करायचे. मुलांचा वाटा त्यांच्या स्वतंत्र वाटीत काढायचा, बरणीत चमचा घालून भरवायचे नाही, आणि उष्टे उरलेले परत फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, कारण लाळेतले जंतू त्यात वाढतात. तयार डिप ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवायचे आणि दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेले टाकून द्यायचे. वडील तेलात लसूण घालून बाटली ओट्यावर ठेवत असत, तीही थांबवली. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि सामान्य तापमानाला बॉट्युलिनमला हवे ते वातावरण मिळते. असे तेल थोडेच करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-चार दिवसांत संपवावे. चीज किंवा दही घातलेल्या डिपसाठी पाश्चराइज्ड दुधाचेच पदार्थ घ्यावेत.

मुलगी वर्षाची होईपर्यंत तीळ, शेंगदाणा, दही, लिंबू, लसूण आणि टोमॅटो तिच्या आहारात नियमित आले. भाजलेले अंडे रुग्णालयात देऊन पाहण्याची तारीख अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी ठरवली आहे. पहिल्या वाढदिवसानंतर आईने मधाच्या सॉसविषयी पुन्हा विचारले. बॉट्युलिझमच्या दृष्टीने मध आता चालतो, पण अतिरिक्त साखर दोन वर्षांपर्यंत टाळावी असाच सल्ला असल्यामुळे तो भावाच्या वाटीपुरता परत आला. त्यातली मोहरी हा मुलीने भावाच्या बोटांवरून चाटण्यापलीकडे कधी न खाल्लेला आणि युरोपीय यादीत नोंदलेला अ‍ॅलर्जीकारक घटक असल्याने ती आधी साध्या दह्यातून, एकटीच, दिवसा द्यायची असे ठरले.